किम यू-ना आणि दक्षिण कोरियातील फिगर स्केटिंग : वैयक्तिक यशाकडून क्रीडापरंपरेकडे

प्रस्तावना

क्रीडाक्षेत्राचा इतिहास बहुधा विजयांच्या नोंदींवरून लिहिला जातो. कोणत्या वर्षी कोणत्या देशाला किती पदके मिळाली, कोणाचा विक्रम कोणी मोडला, या तपशिलांना त्यात अग्रस्थान मिळते. ते यश कोणत्या परिस्थितीतून आले आणि खेळाडूच्या निवृत्तीनंतर त्याचे काय झाले, हे प्रश्न मात्र मागे पडतात. दक्षिण कोरियाची फिगर स्केटिंगपटू किम यू-ना हिची कारकीर्द या दृष्टीने अभ्यसनीय आहे. या खेळात ज्या देशाच्या नावावर एकही ऑलिंपिक पदक नव्हते, त्या देशासाठी तिने २०१० मध्ये व्हॅन्कूव्हर येथे सुवर्णपदक आणि २०१४ मध्ये सोची येथे रौप्यपदक मिळविले. कोरियन पद्धतीनुसार आडनाव प्रथम येत असल्याने तिचा उल्लेख प्रस्तुत लेखात ‘किम’ असा केला आहे.

किमच्या यशाचे वर्णन अनेकदा ‘चमत्कार’ या शब्दाने केले जाते. हा शब्द गौरवाचा असला तरी इतिहासाच्या अभ्यासकाला तो उपयोगी पडत नाही. कारण चमत्कार म्हटले की कारणमीमांसा थांबते. प्रस्तुत लेखात पुढील तीन प्रश्नांचा विचार केला आहे. पहिला, क्रीडाव्यवस्थेचे पुरेसे पाठबळ नसताना हे यश कसे घडले? दुसरा, नव्या गुणांकन पद्धतीचा त्या यशाशी काय संबंध होता? आणि तिसरा, एका व्यक्तीच्या यशातून देशात त्या खेळाची परंपरा निर्माण झाली काय, आणि झाली असल्यास ती कोणत्या मार्गाने? या विवेचनासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून आंतरराष्ट्रीय स्पर्धांचे प्रसिद्ध निकाल हा त्याचा मुख्य आधार आहे.

खेळाचे स्वरूप आणि गुणांकनाची नवी पद्धती

फिगर स्केटिंगमध्ये बर्फाच्या पृष्ठभागावर, पोलादी पात्यांच्या बुटांवर, संगीताच्या साथीने उड्या, गिरक्या आणि पदन्यास सादर केले जातात. महिला एकेरीच्या स्पर्धेत दोन सादरीकरणे असतात. ‘शॉर्ट प्रोग्रॅम’मध्ये ठरवून दिलेले मोजके घटक सादर करावे लागतात, तर ‘फ्री स्केटिंग’ हे अधिक दीर्घ आणि रचनेच्या दृष्टीने अधिक मोकळे असते. दोहोंच्या गुणांच्या बेरजेवरून क्रमांक ठरतो.

या खेळात दीर्घकाळ ६.० हा सर्वोच्च गुण मानणारी पद्धती प्रचलित होती. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमधील जोडी स्पर्धेच्या निकालावरून मोठा वाद झाला आणि आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने ती पद्धती रद्द करून नवी गुणांकन पद्धती आणली. तीनुसार प्रत्येक उडीला व गिरकीला निश्चित मूळ मूल्य असते. ती कृती किती सफाईने झाली यावरून पंच त्या मूल्यात भर घालतात किंवा वजावट करतात. याखेरीज स्केटिंगचे कौशल्य, नृत्यरचना, संगीताचा अर्थबोध इत्यादी अंगांना त्या काळी स्वतंत्र गुण दिले जात असत. किमने कनिष्ठ गटाच्या आंतरराष्ट्रीय मालिकेत पदार्पण केले ते २००४-०५ च्या हंगामात, म्हणजे ही पद्धती नुकतीच रूढ होत असताना. तिची घडण प्रारंभापासून नव्या नियमांच्या चौकटीत झाली, ही बाब पुढील विवेचनात महत्त्वाची ठरते.

पूर्वपीठिका : यशस्वी देश, उपेक्षित खेळ

दक्षिण कोरिया हा हिवाळी क्रीडाप्रकारांत दुर्बल देश होता असे म्हणता येणार नाही. १९९२ च्या आल्बर्टव्हिल ऑलिंपिकपासून २००६ च्या तुरीन ऑलिंपिकपर्यंत या देशाने १७ सुवर्णपदके मिळविली. परंतु ही सर्वच्या सर्व पदके शॉर्ट ट्रॅक या एकाच प्रकारातील होती. लहान वर्तुळाकार मार्गावरील या वेगाच्या शर्यतीत कोरियाने प्रशिक्षक, निवड आणि सराव यांची भक्कम घडी बसविली होती. त्याच बर्फावर खेळल्या जाणाऱ्या फिगर स्केटिंगकडे मात्र तेवढे लक्ष गेले नव्हते.

शेजारच्या जपानशी तुलना केल्यास हा फरक अधिक स्पष्ट होतो. इतो मिदोरी हिने १९८९ मध्ये जागतिक विजेतेपद आणि १९९२ मध्ये ऑलिंपिक रौप्यपदक मिळविले. सातो युका १९९४ मध्ये जगज्जेती झाली. २००६ मध्ये अराकावा शिझुका ही या खेळातील महिला एकेरीचे ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविणारी पहिली आशियाई खेळाडू ठरली. जपानमध्ये अशा प्रकारे एका पिढीने दुसऱ्या पिढीच्या हाती वारसा दिला होता. चीनमध्येही चेन लू हिने १९९५ मध्ये जागतिक विजेतेपद पटकावले होते. कोरियातील मुलीसमोर मात्र स्वदेशातील असे कोणतेही उदाहरण नव्हते.

जडणघडण

किमचा जन्म ५ सप्टेंबर १९९० रोजी सोलनजीकच्या बुचॉन शहरात झाला. तिचे बालपण जवळच्याच गुनपो येथे गेले आणि ग्वाचॉन येथील रिंकवर तिने स्केटिंगचे प्राथमिक धडे घेतले. प्रशिक्षक र्यु जोंग-ह्यून यांनी तिच्यातील गुण हेरून तिला व्यावसायिक प्रशिक्षण देण्याविषयी कुटुंबाला सुचविले, तर शिन हे-सुक यांच्याकडे तिने उड्यांचे तंत्र आत्मसात केले. १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमधील अमेरिकेची मिशेल क्वान हा तिचा आदर्श होता. आदर्श परदेशी असावा लागला, यातच तत्कालीन परिस्थितीचे चित्र येते.

हा काळ कोरियासाठी बिकट होता. १९९७ च्या अखेरीस उद्भवलेल्या आर्थिक संकटामुळे देशाला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे साहाय्य घ्यावे लागले आणि मध्यमवर्गीय कुटुंबांचे हिशेब कोलमडले. फिगर स्केटिंग हा खर्चिक खेळ. बूट, पाती, प्रशिक्षकांचे मानधन, रिंकचे भाडे आणि परदेशप्रवास यांचा भार मुख्यतः पालकांवर पडत असे. या खेळासाठी राखीव रिंक नसल्याने ग्वाचॉन किंवा सोलमधील लोट्टे वर्ल्ड या मनोरंजन केंद्रातील सार्वजनिक रिंकवर, सर्वसामान्य ग्राहक गेल्यानंतर, रात्री सराव करावा लागे. मुलीला रिंकवर नेणे-आणणे, सरावावर देखरेख ठेवणे आणि पुढे तिच्या कारकिर्दीची आखणी करणे ही कामे तिच्या आईने केली. एरवी संघटना जे कार्य करते, ते येथे कुटुंबाने केले.

या परिस्थितीतही प्रगती वेगाने झाली. २००३ मध्ये, वयाच्या १२ व्या वर्षी, ती वरिष्ठ गटाची राष्ट्रीय विजेती झाली आणि हे विजेतेपद तिने २००६ पर्यंत सलग चार वेळा राखले. २००४ मध्ये बुडापेस्ट येथे कनिष्ठ ग्रां प्री मालिकेतील स्पर्धा जिंकणारी ती पहिली दक्षिण कोरियन खेळाडू ठरली. २००५ च्या कनिष्ठ जागतिक स्पर्धेत ती जपानच्या असादा माओ हिच्यामागे दुसरी आली. २००६ मध्ये ल्युब्ल्याना येथे तिने असादाला मागे टाकून विजेतेपद मिळविले. या दोघींच्या जन्मतारखांत अवघ्या २० दिवसांचे अंतर आहे. दोघीही वयाची अट पूर्ण करीत नसल्याने २००६ च्या तुरीन ऑलिंपिकमध्ये भाग घेऊ शकल्या नाहीत. जपानने १९१० ते १९४५ या काळात कोरियावर राज्य केले होते; त्या वसाहतवादी भूतकाळाची छाया या दोन मुलींच्या स्पर्धेवर पडली आणि प्रसारमाध्यमांनी ती अधिकच गडद केली.

टोरांटो : स्वदेशाबाहेरील पाठबळ

२००६-०७ हा किमचा वरिष्ठ गटातील पहिला हंगाम. त्यात तिने ग्रां प्री अंतिम स्पर्धा जिंकली. २००७ मध्ये टोकियो येथील जागतिक स्पर्धेत पाठदुखीने त्रस्त असतानाही शॉर्ट प्रोग्रॅममध्ये ७१.९५ गुणांचा तत्कालीन विश्वविक्रम करून ती तिसरी आली. याच वर्षी तिने सरावाचे मुख्य केंद्र कॅनडातील टोरांटो येथे हलविले. १९८४ आणि १९८८ च्या ऑलिंपिकमधील रौप्यपदक विजेते ब्रायन ऑर्सर तिचे प्रशिक्षक झाले. नृत्यरचनेची धुरा डेव्हिड विल्सन यांनी सांभाळली.

टोरांटोतील क्लबमध्ये तिला नियमित वेळेचा बर्फ, स्थिर प्रशिक्षकवर्ग आणि स्पर्धात्मक वातावरण मिळाले. आपला देश जे देऊ शकत नव्हता ते तिने परदेशातून मिळविले. २००९ मध्ये लॉस एंजेलिस येथे ती जगज्जेती झाली. तिची २०७.७१ ही गुणसंख्या ऐतिहासिक होती. नव्या पद्धतीत २०० गुणांचा टप्पा ओलांडणारी ती पहिली महिला ठरली. मायदेशी मिळणारे उत्पन्न आणि प्रसिद्धीही आता प्रचंड वाढली होती. येथे एक विसंगती नोंदवावी लागते : राष्ट्राभिमानाचे प्रतीक बनलेल्या या खेळाडूचा दैनंदिन सराव राष्ट्राच्या सीमेबाहेर चालू होता.

व्हॅन्कूव्हर २०१० : सफाई विरुद्ध काठिण्य

व्हॅन्कूव्हर ऑलिंपिकमधील किम-असादा लढतीकडे दोन क्रीडाविचारांची लढत म्हणूनही पाहता येते. असादाचे सामर्थ्य होते ट्रिपल ॲक्सेल या, महिलांमध्ये अत्यंत दुर्मिळ असलेल्या, साडेतीन वेढ्यांच्या उडीत. तिने या स्पर्धेत अशा तीन उड्या यशस्वीपणे घेतल्या. किमच्या सादरीकरणात ही उडी नव्हती. तिचा भर होता ट्रिपल लुट्झला ट्रिपल टो लूप जोडणाऱ्या संयुक्त उडीवर, उडीपूर्वीच्या वेगावर, उडीच्या उंचीवर व लांबीवर आणि उतरल्यानंतरच्या सहज प्रवाहावर. नव्या पद्धतीत या सफाईचे मोल पंचांना प्रत्येक घटकागणिक वाढवून देता येत होते.

२३ फेब्रुवारी २०१० रोजी जेम्स बाँड चित्रपटांच्या संगीतावरील शॉर्ट प्रोग्रॅममध्ये तिने ७८.५० गुण मिळविले. असादाचे गुण ७३.७८ होते. २५ फेब्रुवारीला गर्श्विनच्या पियानो कंचेर्टोवरील फ्री स्केटिंगमध्ये किमला १५०.०६ गुण मिळाले. एकूण २२८.५६ गुणांसह ती विजयी झाली. असादा २०५.५० गुणांसह दुसरी, तर कॅनडाची जोअॅनी रोशेट २०२.६४ गुणांसह तिसरी आली. २३.०६ गुणांचा हा फरक लक्षणीय होता. किमच्या एकूण गुणांचा विक्रम जवळजवळ सात वर्षे, २०१७ पर्यंत, अबाधित राहिला.

या निकालाचा अर्थ असा नव्हे की सोपे घटक निवडून तिने गुण मिळविले. तिची संयुक्त उडी त्या काळातील महिलांच्या सर्वांत अवघड संयुक्त उड्यांपैकी होती. कठीण घटक आणि त्यांची निर्दोष अंमलबजावणी यांचा समतोल हे तिचे वैशिष्ट्य होते आणि नव्या पद्धतीत त्या समतोलाला न्याय मिळाला. दुसरीकडे, या सुवर्णपदकामुळे कोरियाच्या हिवाळी यशाचे एकसुरी स्वरूपही बदलले. त्या ऑलिंपिकमधील कोरियाच्या सहा सुवर्णपदकांपैकी दोन शॉर्ट ट्रॅकमधील, तीन लांब मार्गावरील स्पीड स्केटिंगमधील आणि एक फिगर स्केटिंगमधील होते.

मध्यंतर आणि पुनरागमन

सर्वोच्च ध्येय गाठल्यानंतरचा काळ किमसाठी सोपा नव्हता. २०१० च्या तुरीन जागतिक स्पर्धेत शॉर्ट प्रोग्रॅममध्ये ती सातव्या स्थानावर घसरली. फ्री स्केटिंगमध्ये प्रथम येऊन तिने रौप्यपदक मिळविले. त्याच वर्षी ऑर्सर यांच्याशी तिचे व्यावसायिक संबंध संपुष्टात आले. २०११ मध्ये मॉस्को येथे, ‘आरिरांग’ या कोरियन लोकगीताची धून गुंफलेल्या ‘ओमाज टू कोरिया’ या सादरीकरणासह, ती पुन्हा दुसरी आली. त्यानंतर ती स्पर्धेपासून दूर राहिली.

मात्र सार्वजनिक जीवनात ती सक्रिय होती. जुलै २०११ मध्ये दरबान येथे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीसमोर प्योंगचांगची बाजू मांडणाऱ्या शिष्टमंडळात तिचा समावेश होता. पहिल्याच फेरीत प्योंगचांगला ६३, म्युनिकला २५ आणि फ्रान्समधील आनसीला ७ मते मिळाली. प्योंगचांगने यापूर्वी दोनदा पराभव पत्करला होता : २०१० च्या यजमानपदासाठी व्हॅन्कूव्हरकडून आणि २०१४ साठी सोचीकडून. कोरियाला नाकारून ज्या दोन शहरांची निवड झाली, त्याच दोन शहरांत किमने देशाला ऑलिंपिक पदके मिळवून दिली.

जुलै २०१२ मध्ये तिने पुनरागमन जाहीर केले. या टप्प्यावर ती आपल्या बालपणीच्या प्रशिक्षकांकडे, शिन आणि र्यु यांच्याकडे, परतली. जागतिक स्पर्धेसाठी आवश्यक किमान तांत्रिक गुण मिळविण्याकरिता तिने डिसेंबर २०१२ मध्ये डॉर्टमुंड येथील एका तुलनेने लहान स्पर्धेत भाग घेतला आणि त्यानंतर राष्ट्रीय स्पर्धाही जिंकली. मार्च २०१३ मध्ये कॅनडातील लंडन येथील जागतिक स्पर्धेत २१८.३१ गुणांसह ती दुसऱ्यांदा जगज्जेती झाली. इटलीच्या कॅरोलिना कोस्टनरपेक्षा तिचे गुण २०.४२ ने अधिक होते.

या विजयाचे खरे महत्त्व गुणफलकावर दिसत नाही. त्या वर्षी महिला एकेरीत कोरियाला एकच प्रवेश होता. नियमानुसार एकमेव खेळाडू पहिल्या दोन क्रमांकांत आल्यास त्या देशाला पुढील वर्षी तीन प्रवेश मिळतात. किमच्या विजेतेपदामुळे सोची ऑलिंपिकसाठी कोरियाला तीन प्रवेश मिळाले आणि पार्क सो-यून व किम हे-जिन या दोन तरुण खेळाडू तिच्यासोबत ऑलिंपिकमध्ये उतरल्या. प्रेरणा ही अमूर्त गोष्ट असते. प्रवेशाचा हक्क ही मूर्त गोष्ट आहे. एका व्यक्तीच्या यशाचे रूपांतर इतरांच्या संधीत झाले, ते या क्षणी.

सोची २०१४ : निकाल आणि विश्वासार्हता

सोचीमध्ये शॉर्ट प्रोग्रॅमनंतर किम ७४.९२ गुणांसह आघाडीवर होती. रशियाची अदेलिना सोत्निकोवा केवळ ०.२८ गुणांनी मागे होती. फ्री स्केटिंगमध्ये किमने कोणतीही ठळक चूक न करता १४४.१९ गुण मिळविले, सोत्निकोवाला १४९.९५ गुण मिळाले. अंतिम गुणसंख्या अनुक्रमे २१९.११ आणि २२४.५९ अशी होती. सोत्निकोवाच्या सादरीकरणात तिहेरी उड्यांची संख्या किमपेक्षा एकाने अधिक होती, असा युक्तिवाद निकालाच्या समर्थकांनी केला. तर सफाईसाठी आणि कलात्मक अंगांसाठी यजमान देशाच्या खेळाडूला झुकते माप मिळाले, असा आक्षेप टीकाकारांनी घेतला. कोरियन संघटनांनी पंचमंडळाच्या रचनेविषयी आंतरराष्ट्रीय संघटनेकडे तक्रार केली. ती २०१४ मध्येच फेटाळण्यात आली.

या वादात निर्णायक मत देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. ऐतिहासिकदृष्ट्या लक्षात घेण्याजोगी बाब वेगळी आहे. सफाईला गुण देणाऱ्या ज्या लवचीकतेचा लाभ किमला व्हॅन्कूव्हरमध्ये झाला, तीच लवचीकता सोचीमध्ये वादाचे कारण ठरली. शिवाय कोणत्या पंचाने किती गुण दिले हे त्या काळी गुप्त ठेवले जात असे. सॉल्ट लेक सिटीच्या वादानंतर पंचांना दडपणापासून वाचविण्यासाठी आणलेली ही गुप्तता उत्तरदायित्वाच्या मार्गात अडथळा ठरत होती. २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने ती रद्द केली. किमने स्वतः निकाल संयमाने स्वीकारला आणि त्याच वर्षी निवृत्ती घेतली. आपल्या संपूर्ण आंतरराष्ट्रीय कारकिर्दीत, कनिष्ठ आणि वरिष्ठ अशा दोन्ही गटांत, ती पहिल्या तिघांबाहेर एकदाही गेली नाही.

किमनंतरची पिढी

किमच्या निवृत्तीनंतर कोरियन फिगर स्केटिंग पुन्हा विस्मृतीत जाईल, ही शंका निराधार नव्हती. प्रत्यक्षात तसे घडले नाही. किमला पाहून या खेळाकडे वळलेल्या मुलींना कोरियन माध्यमांनी ‘युना किड्स’ असे नाव दिले होते. त्यांपैकी चोई दा-बिन हिने २०१७ च्या साप्पोरो आशियाई हिवाळी स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले आणि २०१८ मध्ये प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये सातवा क्रमांक पटकावला. त्या ऑलिंपिकची ज्योत किमच्याच हस्ते प्रज्वलित झाली. किमला आदर्श मानणाऱ्या यू यंग हिने २०२० च्या युवा ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकले. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये महिला एकेरीत यू यंग आणि किम ये-लिम या दोन कोरियन खेळाडू पहिल्या दहांत होत्या. २०२३ मध्ये साइतामा येथील जागतिक स्पर्धेत ली हे-इन हिला रौप्यपदक मिळाले आणि पुरुष एकेरीत चा जुन-ह्वान यानेही रौप्यपदक मिळविले. २०२४ मध्ये किम चे-यॉन हिने जागतिक कांस्यपदक जिंकले. २०२५ च्या हार्बिन आशियाई हिवाळी स्पर्धेत तिने आणि चा जुन-ह्वानने सुवर्णपदके मिळविली.

ही यादी देण्याचा उद्देश एवढाच की परंपरेची लक्षणे तीत दिसतात. पदके एका व्यक्तीकडे एकवटलेली नाहीत. ती वेगवेगळ्या खेळाडूंना, वेगवेगळ्या वर्षी आणि महिलांबरोबर पुरुषांनाही मिळाली आहेत. किमच्या बालपणी जी साखळी कोरियात अस्तित्वातच नव्हती, ती आता जुळू लागली आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, किमचे यश व्यवस्थेतून आले नाही, तसे ते शून्यातूनही आले नाही. कुटुंबाचा त्याग, कोरियातील मोजक्या प्रशिक्षकांची दृष्टी आणि टोरांटोतील सुसज्ज व्यवस्था यांनी राष्ट्रीय व्यवस्थेची उणीव भरून काढली. दुसरा, कठीण घटकांच्या निर्दोष अंमलबजावणीला मोल देणाऱ्या गुणांकन पद्धतीने तिच्या गुणांना अनुकूल चौकट पुरविली. त्याच पद्धतीच्या मर्यादा सोचीमध्ये उघड झाल्या. तिसरा, वैयक्तिक यशाचे परंपरेत रूपांतर आपोआप झाले नाही. त्यासाठी २०१३ च्या जागतिक स्पर्धेतून मिळालेल्या वाढीव प्रवेशांसारखी ठोस साधने आणि त्या संधीचे सोने करणारी नवी पिढी आवश्यक होती.

यातून क्रीडाधोरणाच्या अभ्यासकांसाठी एक इशाराही मिळतो. असामान्य खेळाडू व्यवस्थेच्या अभावावर मात करू शकतो. परंतु ज्या व्यवस्थेत प्रत्येक खेळाडूला असे असामान्यच असावे लागते, ती व्यवस्था अपुरीच म्हटली पाहिजे. रात्री उशिरा सार्वजनिक रिंकवर सराव करणारी मुलगी ऑलिंपिक विजेती झाली, ही घटना अभिमानाची आहे. तिच्याच वयाच्या किती मुलींनी त्याच रिंकवरून माघार घेतली असेल, याची नोंद मात्र कोणत्याही पदकतालिकेत सापडत नाही. किम यू-नाच्या कारकिर्दीचा अभ्यास करताना विजयांच्या नोंदींबरोबर या न झालेल्या नोंदींचेही भान ठेवणे इतिहासलेखनाच्या दृष्टीने अगत्याचे आहे.